पांढऱ्या वाघांची तालीम

शिवाजी पेठेत अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर माझा एक मित्र राहतो. त्याच्याकडे बजाजची ‘व्ही’ मोटारसायकल आहे. २०१६ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा मोडीत निघालेल्या ‘विक्रांत’ या युद्धनौकेचे पोलाद वितळवून तिच्यात वापरले आहे, अशी जाहिरात झाली होती. आमच्या मित्राने ॲव्हरेज विचारले नाही, हप्ता विचारला नाही, थेट जाऊन गाडी घेतली. आजही पेट्रोलच्या टाकीवर थाप मारून तो नव्या माणसाला सांगतो, “हिच्यावरनं विमानं उडाल्यात.” टाकीवरून नव्हे, हे त्याला कुणी सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला गेलो. कोल्हापूरचा माणूस गोव्याला कशासाठी जातो ते इथे लिहायची गरज नाही. परतायच्या दिवशी मात्र मी त्याला बोगमाळोला नेले. तिथे दाबोळी विमानतळाला लागूनच, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. उघड्या आवारात जुनी विमाने ऊन-पाऊस खात उभी असतात. त्यातल्या एका लहानशा, पंख दुमडता येणाऱ्या जेट विमानापुढे मी त्याला उभे केले.

“हे बघ. तुझ्या टाकीवरनं उडालेलं.”

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “एवढंसंच?”

विमानाचे नाव सी हॉक. ते ज्या स्क्वाड्रनचे होते तिचा क्रमांक ३००, आणि नाव ‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ. भारतीय नौदलाची ही पहिली लढाऊ जेट स्क्वाड्रन. विमानदलाच्या स्क्वाड्रनांची नावे पेपरात येत असतात. नौदलालाही लढाऊ विमाने असतात, आणि ती आपल्या शेजारी गोव्यात राहतात, हे आपल्याकडे पुष्कळांच्या गावी नसते.

कोल्हापूरच्या माणसाला स्क्वाड्रन म्हणजे काय हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. तालीम म्हणायचे, की झाले. खंडोबा तालीम म्हटल्यावर एकाच पैलवानाचे तोंड डोळ्यांपुढे येत नाही. पैलवान येतात, अंगाला माती लावतात, म्हातारे होऊन कट्ट्यावर बसतात, वस्ताद बदलतात, हौद्यातली मातीसुद्धा बदलते. पाटीवरचे नाव तेवढे तेच राहते. स्क्वाड्रनचे तसेच. वैमानिक दोन-तीन वर्षांनी बदलतात, विमाने वीस-पंचवीस वर्षांनी. ३०० नंबरने आजवर तीन जातींची विमाने उडवली. नाव तेच, अंगावरचा वाघ तोच.

आणखी एक साम्य आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. खासबागेतली कुस्ती पाच-दहा मिनिटांत निकाली निघते. तिच्यामागे पाच-दहा वर्षांचे जोर आणि बैठका असतात. या स्क्वाड्रनने साठाहून अधिक वर्षांत खरी लढाई केली ती एकदाच, दहा-बारा दिवस. बाकी सगळी मेहनत. आणि तिची माणसे नि विमाने गेली ती मैदानात नाहीत, तालमीत गेली.

जन्म मात्र आपल्या मातीत झाला नाही. जुलै १९६० मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, ब्रॉडी नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या विमानतळावर ही स्क्वाड्रन उभी राहिली. पहिले वस्ताद लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य. ज्या जहाजासाठी ती होती, ते जहाज अजून बेलफास्टच्या गोदीत होते. ‘हर्क्युलिस’ या नावाने ते १९४५ मध्ये पाण्यात उतरले होते, पण तोवर महायुद्ध संपले, काम थांबले, आणि अर्धवट सांगाडा दहाएक वर्षे तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेऊन पुरा करून घेतला. ४ मार्च १९६१ रोजी त्याची ‘विक्रांत’ झाली. बेलफास्टच्या समारंभाला भारताच्या उच्चायुक्त म्हणून विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्यांचे सासर मराठी, हे आपण हटकून सांगतो, म्हणून मीही सांगितले. पहिले कप्तान प्रीतम सिंग महिंद्रू.

आता जहाजावर विमान उतरवायचे म्हणजे काय, हे थोडे सावकाश सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. विक्रांतची लांबी दोनशे दहा मीटरच्या आसपास. जेट विमानाला जमिनीवर उतरायला हजार-दोन हजार मीटरची धावपट्टी लागते. इथे त्यातला किरकोळ तुकडा मिळणार, आणि तोही पुढे पळणारा, लाटेबरोबर वर-खाली होणारा. उडताना मदतीला वाफेची गोफण. जोंधळ्याच्या माळ्यावरून पाखरे हाकायला गोफण फिरवतात, तिचेच थोरले भावंड. इंग्रजीत तिला कॅटापल्ट म्हणतात. बॉयलरची वाफ एका लांब नळीतल्या दट्ट्याला ढकलते, दट्ट्या विमानाला ओढतो, आणि पन्नास मीटरांच्या आत विमान उडण्याच्या वेगाला पोचते. वाफ कमी पडली, तर विमान सरळ जहाजापुढच्या पाण्यात.

उतरणे याहून अवघड. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. वैमानिकाने आरशातला दिवा बघत, म्हणजे आपण नेमक्या उतारावरून येतोय का हे पारखत, खाली यायचे आणि आकडा तारेत अडकवायचा. चाके टेकली की माणसाचा हात आपोआप इंजिन बंद करायला जातो. इथे उलटे शिकवतात: चाके टेकताक्षणी इंजिनाचा जोर पुरता वाढवायचा. कारण आकडा अडकलाच नाही, तर पुढच्या दोन सेकंदांत डेक संपतो, आणि पुन्हा उडण्याखेरीज गत्यंतर नसते. थांबायचे आहे म्हणून पळायचे. हे अंगात मुरायला शेकडो वेळा करावे लागते.

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी सी हॉक विक्रांतच्या डेकवर उतरवले. तिच्यावर उतरणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे १९८४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जहाज मुंबईत आले आणि स्वागताला खुद्द पंतप्रधान नेहरू गेले.

मुंबईला येऊन दीड महिना होतो न होतो तोच गोव्याची मोहीम निघाली. विक्रांत गोव्याजवळच्या समुद्रात उभी राहिली. पण १८ डिसेंबरला सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते विमानदलाच्या कॅनबेरा विमानांनी. पोर्तुगिजांनी ती धावपट्टी डागडुजी करून घेतली आणि रात्रीच्या अंधारात दोन प्रवासी विमाने तिच्यावरून निसटून कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पांढऱ्या वाघांना पंजा उगारायची गरज पडली नाही.

तरी गोव्याने त्यांना घर दिले. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये, भारताने गोव्याची कोंडी केल्यावर, बाहेरच्या जगाशी संबंध ठेवता यावा म्हणून बांधला होता. मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. नौदलाचा विमानतळ ‘हंसा’ तोवर कोइमतूरजवळच्या सुलूरला होता, समुद्रापासून चांगला लांब. १९६४ मध्ये तो दाबोळीला हलला आणि तेव्हापासून आजपर्यंत ३०० नंबरचा मुक्काम तिथेच आहे. गोव्याला विमानाने येणारे पर्यटक वर्षानुवर्षे नौदलाच्याच धावपट्टीवर उतरत आले आहेत.

इथे थोडे विषयांतर. कोल्हापूरला समुद्राचे काय, असे कुणी विचारील. करवीरच्या छत्रपतींचे आरमार मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसऱ्याने होते. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. स्वतः काय करत होते ते सोडून. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, पण तो त्यांना परत करावा लागला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण गेले ते गेलेच. समुद्राशी आपली गाठ सुटली. तेव्हापासून आपले पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. पूर आला की तेही पुष्कळ होते.

तर पहिली संधी अशी हुकली. दुसरी हुकली ती जास्त लागली.

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध जुंपले तेव्हा विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. बिनजहाजाची स्क्वाड्रन जामनगरला गेली. सिंधमधल्या बदीनच्या रडार केंद्रावर हल्ला करायचा बेत ठरला. पण आदल्या संध्याकाळीच पाकिस्तानच्या बी-५७ विमानांनी जामनगरवर बॉम्ब टाकले, आणि मग वरून हुकूम आला: सी हॉकनी माघारी यावे. बदीनवर हल्ला झाला, पण तो पुढे विमानदलाने केला. त्याच सुमारास पाकिस्तानी युद्धनौका द्वारकेवर तोफा डागून निघून गेल्या आणि आपले नौदल बंदरात बसून राहिले, असे लोक उघड बोलू लागले. पाकिस्तानने तर विक्रांत बुडवल्याची आवई उठवली. गोदीत उभे असलेले जहाज कागदावर बुडाले. लांग कसून हौद्याच्या काठावर बसलेल्या गड्याला पुकाराच झाला नाही, आणि मागे गावभर बोलणे सुरू झाले की हा भ्याला. ३०० नंबरच्या लोकांनी ही सल सहा वर्षे काढली.

१९७१ ला पुन्हा तसेच होणार, असे वाटत होते. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते. पुरता जोर लावला तर बॉयलर फुटायचा धोका. एरवी चोवीस नॉट पळणाऱ्या जहाजाला सोळा-सतरा नॉटांवर आणून बसवले. म्हणजे ताशी तीस किलोमीटर. पेठेतून रंकाळ्याकडे जाणारी रिक्षा याच्यापुढे जाईल. आणि वेगाचा संबंध गोफणीशी आहे. जहाज वाऱ्याच्या तोंडावर जितक्या जोरात धावेल, तितका वारा विमानाच्या पंखांखाली आयता मिळतो. जहाज मंद असेल आणि वारा पडलेला असेल, तर विमान उडायचे कसे? नौदलात दोन तट पडले. हे दुखणाईत जहाज लढाईत नेऊ नये, असे सांगणारेही कच्चे नव्हते. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी ते न्यायचेच ठरवले. मला वाटते, या निर्णयात गणितापेक्षा १९६५ ची सल जास्त होती. आणखी एक युद्ध विक्रांतने बंदरात काढले असते, तर विमानवाहू जहाज हवे कशाला, या प्रश्नाला दिल्लीत कुणी उत्तर देऊ शकले नसते.

मुंबईऐवजी तिला बंगालच्या उपसागरात धाडले. पश्चिमेला पाकिस्तानी विमाने आणि पाणबुड्या होत्या. पूर्वेला धोका त्या मानाने कमी. तरी पाकिस्तानने तिच्या मागावर ‘गाझी’ ही पाणबुडी पाठवलीच. आपल्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानकडे लपवली आणि विशाखापट्टणमला ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विक्रांतचे सोंग दिले. बिनतारी संदेश असे सोडले की ऐकणाऱ्याला विक्रांत तिथेच आहे असे वाटावे. ३ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. राजपूतने पाण्यात टाकलेल्या स्फोटकांनी की स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला सकाळी, आठ सी हॉक एकामागून एक गोफणीवरून सुटली. पुढे होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. लक्ष्य कॉक्स बाझारचा विमानतळ. अकरा वर्षे ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस असा, जेमतेम तासाभराच्या उड्डाणाचा. सी हॉकवर रडार नव्हते, हवेतल्या हवेत मारायची क्षेपणास्त्रे नव्हती. नाकाखाली वीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब नाहीतर रॉकेटे, आणि वैमानिकाचे दोन डोळे. समुद्राला घासून जायचे, किनारा आला की वर उठायचे, लक्ष्य दिसले की सूर मारायचा. सगळी विमाने परत आली. त्याच दुपारी चितगावच्या बंदरावर आणि विमानतळावर हल्ला झाला. पुढच्या दिवसांत खुलना, चालना, मोंगला, आणि पुन्हा पुन्हा चितगाव. बरोबर ३१० नंबरची ‘अलिझे’ ही पंख्याची विमाने होती. ती रात्री जात. बंदरातली जहाजे, तेलाच्या टाक्या, धावपट्ट्या, नदीतून निसटू पाहणाऱ्या बोटी, सगळे या दोन स्क्वाड्रनांनी टिपले. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून कुमक मिळायची नव्हती आणि समुद्रातून पळताही यायचे नव्हते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

गुप्तांना आणि जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले. विक्रांतच्या वाट्याला त्याखेरीज बारा वीर चक्रे आली.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. १९७१ मध्ये सी हॉक म्हातारे झाले होते. त्याचा आराखडा महायुद्ध संपताना आखलेला. ज्या ब्रिटिशांनी ते बनवले त्यांनी ते केव्हाच काढून टाकले होते. आवाजाच्या वेगाच्या आत उडणारे हे विमान पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ जेटच्या तावडीत सापडते, तर काय झाले असते ते सांगायला ज्योतिषी नको. पण पूर्वेला पाकिस्तानची सेबरची एकच स्क्वाड्रन होती, तीही ढाक्याला, आणि विमानदलाच्या मिगनी तिथली धावपट्टी उखडून तिला पहिल्या दोन-चार दिवसांतच जमिनीला खिळवली. ‘लढाऊ’ म्हणवणाऱ्या या स्क्वाड्रनच्या नावावर शत्रूचे एकही विमान पाडल्याची नोंद नाही. यात कमीपणा काही नाही. समोर जोड आलाच नाही, त्याला गडी काय करणार. पण विजयाच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो, म्हणून लिहिला.

१९७१ च्याच डिसेंबरात, देशाच्या दुसऱ्या टोकाला, नौदलाचा एक तरुण वैमानिक पठाणकोटहून विमानदलाची हंटर विमाने उडवत होता. तात्पुरता तिकडे पाठवलेला. वीस नंबरच्या स्क्वाड्रनमधल्या त्या कामगिरीसाठी त्याला वीर चक्र मिळाले. नाव अरुण प्रकाश. ते लक्षात ठेवा.

सी हॉक गेल्यावर काय? विक्रांत लहान. नव्या काळाची जड, वेगवान विमाने तिच्यावर मावेनात. जुलै १९७२ मध्ये ब्रिटिश चाचणी वैमानिक जॉन फार्ली हॅरियर घेऊन आले आणि त्यांनी विक्रांतवर ते उतरवून दाखवले. आकडा नाही, तारा नाहीत; विमान हवेत उभे राहिले आणि अलगद खाली आले. बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. विश्वास बसला, तरी पैसे मंजूर व्हायला वेळ लागतोच. मागणी नोंदवली गेली १९७९ मध्ये, आणि पहिली तीन सी हॅरियर युरोप आणि अरबस्तान ओलांडत मजल-दरमजल करत दाबोळीला उतरली ती १६ डिसेंबर १९८३ रोजी. फार्लींच्या प्रयोगाला अकरा वर्षे झाली होती. तोवर ब्रिटनने याच विमानांवर फॉकलंडचे युद्ध जिंकून घेतले होते. त्या तीन विमानांबरोबर आलेले आणि ३०० नंबरचे नवे वस्ताद होते तेच अरुण प्रकाश. पुढे तेही नौदलप्रमुख झाले. म्हणजे या एका तालमीने देशाला निदान दोन नौदलप्रमुख दिले.

हॅरियरची करामत त्याच्या इंजिनात होती. पेगासस नावाचे एकच इंजिन, पण त्याची हवा बाहेर टाकायला चार तोट्या, आणि चारही फिरवता येणाऱ्या. तोट्या मागे वळवल्या की विमान पुढे पळते. खाली वळवल्या की हवेवर उभे राहते. उतरताना वैमानिक जहाजाच्या डाव्या बाजूला जहाजाइतक्याच वेगाने तरंगत राहतो, मग आडवा सरकून डेकवर येतो आणि खाली बसतो. आधी उतरायचे आणि मग थांबायचे, असा इतर विमानांचा रिवाज. इथे आधी थांबायचे, मग उतरायचे. उडण्यासाठी गोफणीची गरज उरली नाही. विक्रांतच्या नाकाडावर वर वळलेला उतार बांधला, स्की-जंप म्हणतात तो. विमान त्यावरून पळत येऊन उसळी मारते. १९८७ मध्ये आलेल्या ‘विराट’वर असा उतार आधीपासूनच होता; फॉकलंडच्या युद्धात ‘हर्मीस’ या नावाने ती ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती.

ऐकायला हे सोपे वाटते, आणि तिथेच घात होता. सगळे वजन हवेच्या चार झोतांवर तोललेले. तोलात चूक झाली, पाखरू इंजिनात गेले, इंजिनाने दम टाकला, तर खाली पंख पेलायला काही नाही. काय झाले ते कळायला आणि उडी मारायचे आसन ओढायला मिळणारा वेळ सेकंदांत मोजायचा. भारताने एकूण तीसच्या आसपास हॅरियर घेतली. त्यांतली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. रोजची मेहनत चालली होती. काही वैमानिक वेळेवर बाहेर पडले, काही नाही. १९७१ मध्ये गोळीबारात उतरून एकही सी हॉक न गमावलेल्या स्क्वाड्रनने शांततेत हे दिले. यासाठी महावीर चक्र नसते. पेपरात चौथ्या पानावर दोन कॉलमांची बातमी येते, ‘नौदलाचे विमान कोसळले’.

उरलेल्या मोजक्या विमानांना इस्रायली रडार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे बसवून नौदलाने ती आणखी काही वर्षे ओढली. सुटे भाग मिळेनात, कारण खुद्द ब्रिटिशांनी आपली सी हॅरियर २००६ मध्येच बंद केली होती. ही सवयच झाली म्हणायची; दुसऱ्याने उतरवून ठेवलेले धोतर आपण नेसायचे आणि त्यातच कुस्ती मारायची. ११ मे २०१६ रोजी दाबोळीला हॅरियर शेवटचे उडाले. उतरल्यावर दोन्ही बाजूंनी बंबांनी पाण्याची कमान धरली. त्याच दिवशी ३०० नंबरच्या अंगावर मिग-२९ के हे नवे कपडे चढले. वर्षभरात विराटही निवृत्त झाली.

मिगबरोबर आकडा परत आला. सी हॉकच्या शेपटीला होता तसा आकडा, डेकवर तशाच तारा, चाके टेकताक्षणी तसाच इंजिनाचा जोर. मधल्या तेहतीस वर्षांत हॅरियरवाल्यांना याची गरजच पडली नव्हती. मात्र गोफण परत आली नाही. उडायला हॅरियरच्याच काळचा वर वळलेला उतार. म्हणजे आजचा पांढरा वाघ आजोबांसारखा उतरतो आणि बापासारखा उडतो. आधी ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजावर, आणि आता नव्या ‘विक्रांत’वर.

जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय होऊन उभी राहिली, आणि २०१४ मध्ये तिथल्याच दारूखान्यात, जुनी जहाजे मोडतात त्या जागी, तिचे तुकडे झाले. त्यातलेच पोलाद आमच्या मित्राच्या गाडीत. नवी विक्रांत कोचीत बांधली गेली, २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली, आणि त्याच दिवशी नौदलाचा ध्वजही बदलला. जुन्या ध्वजावरचा इंग्रजांचा सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. शिवाजी पेठेत त्या दिवशी ही बातमी मोबाइलवर इतकी फिरली, की जहाज किती मोठे आहे हे कुणी वाचलेच नाही.

आता पुढचे विमान फ्रान्सचे: नौदलासाठीच्या सव्वीस राफेलचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. आपले स्वतःचे तेजसही डेकवर उतरून झाले आहे. ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्यवर त्याचा आकडा पहिल्यांदा तारेत अडकवला तो कमोडोर जयदीप मावळणकर यांनी. त्याआधी दाबोळीला जमिनीवरच बांधलेल्या नकली डेकवर, तारा आणि उतारासकट, किती वेळा ते करून बघितले गेले असेल, ते बोगमाळोच्या लोकांनी मोजले असल्यास त्यांनाच माहीत.

हे सगळे मी मित्राला सी हॉकपुढे उभा राहून सांगत होतो. ऊन चढले होते. शेजारी सी हॅरियर उभे, पलीकडे भला मोठा सुपर कॉन्स्टेलेशन. शाळेची सहल आली होती. पोरे हॅरियरच्या तोट्यांत हात घालून बघत होती आणि बाई ओरडत होत्या. मित्राने सी हॉकच्या शेपटीखाली वाकून पाहिले. आकडा सापडल्यावर त्याला हात लावला. गंजलेला होता.

“ह्यो एवढासा आकडा?”

“एवढासाच.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. कामाच्या दिवशी सकाळी दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते, प्रवासी विमानांना दुपारपर्यंत थांबावे लागते. एक मिग आले, खाली उतरले, इंजिनाचा जोर वाढला, आणि न थांबता पुन्हा उडाले. वळसा घालून पुन्हा आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पोरे कान झाकून हसत होती.

मित्र तालमीतला. त्याने घड्याळ बघितले नाही, विमानाचे नाव विचारले नाही. भिंतीला टेकून तो बोटांवर मोजायला लागला, जोर मोजतात तसे.

“निघूया का? आंबोलीत धुकं पडायच्या आत घाट चढला पायजे,” मी म्हणालो.

“थांब की,” तो म्हणाला. “अकरा झालेत. गडी दमला का बघूया.”